हार्नेसनंतरचा शब्द

साईनगर, अमरावती

प्रिय जुईली,

आधी सवयीनं ‘चि. सौ.’ लिहिलं आणि थांबलो. तो ‘सौ.’ ठेवायचा की खोडायचा, यावर पेन अडलं. बाईचं सौभाग्य नवऱ्याच्या श्वासावर मोजणाऱ्या चालीविरुद्ध मी या गावात किती सभांमधून गरजलो, ते तू ऐकलेलं आहेस. पण व्यासपीठावरून गरजणं सोपं असतं. घरी टेबलाशी बसून सुनेचं नाव लिहिताना त्याच एका अक्षरानं माझा हात धरला. शेवटी तो कागद फाडला. तू मला प्रिय आहेस एवढं नक्की आहे, म्हणून तेवढंच लिहिलं.

तुझा निरोप मिळाला होता. ‘बाबा, साहसी खेळांचा धडा पुढच्या बॅचपासून काढून टाकते आहे. तुम्ही रोज ऐकता म्हणून कळवलं.’ मी त्यावर ‘बरं’ असं उत्तर पाठवलं. ते उत्तर नव्हतं. उत्तर लांबलचक आहे आणि फोनवर ते माझ्याच्यानं होणार नाही. तुझ्या सासऱ्याला बोलता येणार नाही, हे वाचून तुला हसू येईल. येऊ दे. हसलीस तर बरंच वाटेल मला.

तुमच्या अकोल्यातल्या, जठारपेठेतल्या क्लासच्या उद्घाटनाला मी आलो होतो, ते आठवतं का? इंग्रजी बोलायला शिकवणाऱ्या क्लासच्या उद्घाटनात मी मराठीच्या थोरवीवर बोललो, आणि पेढ्यांचा डबा उघडायचा राहून गेला इतका वेळ बोललो. शुभंकर भिंतीला टेकून हसत टाळ्या वाजवत होता. इंग्रजीशी माझं वैर नव्हतंच कधी. इंग्रजीपुढे वाकणाऱ्या कण्याशी होतं, आणि ते आजही आहे. पण माझा मुलगा वाकलेला नव्हता. तो ती भाषा दोरासारखी खांद्यावर टाकून हिंडायचा. हे मला तेव्हा दिसलं असतं तर मी भाषण लवकर संपवलं असतं. बहुधा.

तो गेल्यावर महिनाभरानं मी तुला क्लासच्या ग्रुपमध्ये घ्यायला सांगितलं. त्यानं विद्यार्थ्यांसाठी रेकॉर्ड करून ठेवलेले शब्द तू रोज सकाळी एकेक करून नव्या पोरांना पाठवतेस, हे मला ठाऊक होतं. तू का म्हणून विचारलं नाहीस. मग रोज चहाच्या आधी मी गच्चीवर जाऊन कानाला फोन लावू लागलो. तो आधी शब्द सांगतो, मग अर्थ, मग एक वाक्य, आणि शेवटी म्हणतो, ‘आता माझ्यामागून म्हणा.’ जुईली, या घरात मी बोलायचो आणि तो ऐकायचा. जेवताना, गाडीत, त्याच्या आजारपणातसुद्धा. आता तो बोलतो आणि मी त्याच्यामागून म्हणतो. शेजारचे धर्मपाल कुंपणावरून विचारतात, “सर, या वयात कॅनडाले चालले काय?” मी म्हणतो, हो, व्हिसा तेवढा यायचाय.

त्याच्या उदाहरणांत मी इतका आहे, हे तू मला कधी सांगितलं नाहीस. ‘चेंज’ शिकवताना तो म्हणतो, माझ्या वडिलांच्या चहात बदल झाला आहे, साखर गेली आहे. भाषणात मात्र बदल नाही. ‘चॅलेंज’ला म्हणतो, पाच मिनिटांत बोलणं संपवणं हे माझ्या वडिलांपुढचं मोठं आव्हान आहे. मागे कुठेतरी तुझं हसणं ऐकू येतं. ‘बदल’ हा माझा हक्काचा विषय. त्यावर मी गावोगाव बोललो. पण बदल म्हणजे समाजाचा, असंच धरून चाललो होतो. बदल म्हणजे ताटांची संख्या, हे मला त्यानं शिकवलं, तेही नकळत. ‘ओव्हरकम’शी मी भांडलो. तो म्हणाला, मात करणे. मी त्या फोनला म्हटलं, बाळा, मात होत नसते सगळ्यावर. पण त्यानं पुढचं वाक्यच सुरू केलं. तेवढ्यापुरता तो अगदी माझा मुलगा होता.

मग साहसी खेळ सुरू झाले. राफ्टिंग, रॅपलिंग, हार्नेस. आणि हार्नेसच्या दुसऱ्या दिवशी एकदम समिट आलं. मी तुमच्या क्लासचं छापील पुस्तक काढून पाहिलं. हार्नेस आणि समिटच्या मधे एक शब्द आहे, ‘बिले’. तो तू पाठवला नव्हतास. मागच्या बॅचलाही पाठवला नव्हतास, मी मागे जाऊन पाहिलं. तुला विचारण्याची हिंमत झाली नाही. शब्दकोश पाहिला, त्यात दोर बांधणे असं काहीतरी होतं. मग मी विपुलला फोन केला. शुभंकर पडला त्या दिवशी चिखलदऱ्याच्या कड्यावर तुमच्याबरोबर तोच तर होता.

इथे थोडं मागे जातो. तुला ते नको असेल, तरी जातो, कारण तू गेलीस ते तिथूनच. तेरवीच्या दिवशी स्वयंपाकघरात माझी बहीण कौशल्या पुऱ्या लाटता लाटता म्हणाली होती, “दोर तं तिच्याच हातात होता ना माय.” बस, एवढंच. बाकीच्या बायांनी लाटणं थांबवलं नाही. तुझी सासू रमा चुलीकडे तोंड करून बसली होती; ती काही बोलली नाही, आणि त्या दिवसापासून तुझ्याशी बोललीच नाही. तू बाजूच्या खोलीत होतीस. ते वाक्य तू ऐकलंस हे मला माहीत आहे, कारण त्याच संध्याकाळी तू अकोल्याची गाडी धरलीस. आपल्याकडे पुरुष पडला की माणसं वर दगडाकडे पाहत नाहीत, खाली बाईच्या हाताकडे पाहतात. हे मी शंभर लोकांपुढे ठणकावून सांगू शकतो. पण रमाला एकटीला काय सांगू? तिनं मला एकदाच विचारलं होतं, दोर हातात धरतात म्हणजे करतात काय, आणि मग तो पडला कसा? या दोन प्रश्नांना माझ्याकडे शब्द नव्हते. जन्मभर शब्दांवर जगलेल्या माणसाकडे. म्हणून मी तो धडा शिकायला बसलो होतो. पोराचा आवाज ऐकायला तर होतंच, पण त्याच्या आईला उत्तर द्यायचं होतं.

विपुल रविवारी आला तो दोर, ते लोखंडी साधन आणि कमरेचा पट्टा घेऊनच. म्हणाला, काका, सांगून नाही समजत हे. मागच्या अंगणात बांधकामाचं उरलेलं वाळूचं पोतं होतं. ते त्यानं दोराला बांधून कडुनिंबाच्या फांदीवरून वर ओढलं, दोराचं दुसरं टोक माझ्या पट्ट्यातल्या साधनातून घातलं आणि माझ्या मुठीत दिलं. हातमोजे देत होता. मी विचारलं, जुईलीच्या हातात होते का? तो नाही म्हणाला. मग मीही घेतले नाहीत. आता तुम्ही बिले करताय काका, म्हणाला, म्हणजे वर चढणाऱ्याचा दोर खालून सांभाळताय. वरच्यानं वर पाहायचं, तुम्ही त्याच्याकडे पाहायचं, बाकी जगाकडे नाही. रमा स्वयंपाकघराच्या दारात तांदूळ निवडत बसली होती, पाहत नसल्यासारखी. “मास्तर, कंबर धराल नंतर,” एवढं म्हणाली.

विपुलनं पोतं सोडलं. हातभर दोर माझ्या मुठीतून सरकला, फार तर हातभर. आणि मी सोडला. ठरवून नाही, विस्तवावर हात पडल्यावर जसा आपोआप उचलला जातो तसा. पोतं खाली आदळून फाटलं. मी तळहात पाहिला तर लाल पट्टा उमटलेला. वाळूचं पोतं होतं ते, जुईली. त्यात माझं कोणी नव्हतं, आणि तरी धरवलं नाही.

मग त्या वाळूशेजारी उकिडवा बसून विपुलनं सगळं सांगितलं, रमाला ऐकू जाईल अशा आवाजात. शुभंकरचा पाय सुटला. त्यानं कपारीत बसवलेली खीळ निघाली, म्हणून तो आणखी खाली आला. तुझ्या हातातून दोर सरसर पळाला आणि तू तो धरलास. थांबवलास. तो कड्याला लोंबकळत थांबला होता, विपुलनं डोळ्यांनी पाहिलं. आणि मग वर, कड्याच्या धारेवर, दोर कापला गेला. तुटलेलं टोक खाली आलं तेव्हाही तुझ्या मुठी मिटलेल्याच होत्या. विपुलला एकेक बोट उघडावं लागलं, म्हणाला. हे त्यानं आधी का सांगितलं नाही? मी विचारलं. तो म्हणाला, काका, तुम्ही कोणी विचारलंच नाही.

तेव्हा मला एक गोष्ट आठवली. तेरवीला कोणीतरी तुला पाणी दिलं, आणि तू पेला बोटांनी न धरता दोन मनगटांमध्ये धरून प्यालीस, लहान मूल धरतं तसा. तळहात ओढणीत गुंडाळलेले होते. आम्हाला वाटलं, पोरगी भानावर नाही. मी साऱ्या गावाची दुःखं वाचून दाखवणारा माणूस. कोणाच्याही शोकसभेला मला बोलावतात. आणि माझ्या घरात तो पेला माझ्यासमोर होता.

विपुल गेला. रमानं तांदळाचं सूप बाजूला ठेवलं आणि बराच वेळ ती त्या फाटक्या पोत्याकडे पाहत राहिली. मग तिनं पातूरची गोष्ट सुरू केली. तिच्या माहेरच्या वावरात विहीर होती, आणि उन्हाळ्यात तिचे वडील महादेवराव स्वतः गाळ काढायला आत उतरायचे. तेव्हा वर दोर धरायला गडी असायचे, पुतणे असायचे, पण त्यांच्या हाती दोर कधी देत नसत. बाळापूरहून मुद्दाम भगवंतराव मामा यायचे, म्हणजे रमाच्या आईचे भाऊ. ते येईपर्यंत काम अडून राहायचं. लहानपणी तिला त्याचा राग यायचा, कारण मामा आले की आधी जेवायला बसायचे. हे सांगून तिनं मला विचारलं, “साळ्याच्याच हाती दोर काहून देत, मालूम हाये का तुमाले?” मी नाही म्हणून मान हलवली. “त्याच्या बहिणीचं कुकू असते ना त्या दोरात. दुसरा सोडीन, भाऊ सोडत नाही.” एवढं म्हणून तिनं सूप पुन्हा मांडीवर घेतलं. मी काही बोललो नाही. पहिल्यांदाच बोलू नये एवढं कळलं. थोड्या वेळानं ती स्वतःशीच म्हणाली, “अन् हिचं तं सोताचंच होतं.”

मराठीत ‘बिले’ला शब्द नाही असं मी त्या दिवशी सकाळपर्यंत समजत होतो. शब्द नसेलही. पण पातूरच्या एका विहिरीवर माणसं तो उन्हाळ्यागणिक करत होती आणि कोणाच्या हाती दोर द्यायचा हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. शुभंकरलाही ठाऊक होतं. त्यानं तो दोर तुझ्या हाती दिला.

म्हणून सांगतो, तो धडा काढू नकोस. तुझा क्लास आहे, तुझा अधिकार आहे; मी आज्ञा करत नाही, उभ्या आयुष्यात मी सुनेला आज्ञा केली नाही. पण तो शब्द तू गाळतेस तेव्हा कौशल्याचं वाक्य खरं मानतेस. दीड वर्ष तू रोज सकाळी त्याचा आवाज लोकांच्या पोरांना देते आहेस आणि नेमकं जिथे तो तुझ्याविषयी बोलला असेल तिथे हात आखडता घेतेस. माझ्या उदाहरणांवर पोरं हसतात, मग तुझं उदाहरणही त्यांनी ऐकलं पाहिजे. मीही ऐकलेलं नाही. विपुलकडे आहे का ते मी विचारलं नाही. ते तुझ्याकडूनच यायला हवं.

आता हे पत्र का लिहिलं ते सांगतो, कारण एवढं सगळं मी स्वतःहून लिहिलं नसतं, कधीतरी येऊन भाषणच दिलं असतं. काल जेवताना रमानं घास हातातच ठेवला आणि विचारलं, “तिच्या हाताले काही लावलं होतं का कोनी? लोनी, खोबरेल, काही?” मी आठवून पाहिलं. घरात चाळीस माणसं होती, जुईली. मला कोणी आठवेना. तिनं पुन्हा विचारलं, मग ताट सरकवून उठली आणि आत जाऊन बॅग काढली. येत्या रविवारी सकाळच्या गाडीनं आम्ही येतो आहोत. मूर्तिजापूरला गाडी थांबेल तेव्हा फोन करतो. तिनं घरचं लोणी काढून डब्यात भरलं आहे. व्रण आता सुकले असतील, लोण्यानं काय होणार, असं मी म्हणणार होतो, पण म्हटलं नाही. ती फार बोलणार नाही, तिला येतही नाही, आणि मीही बोलणार नाही असं तिनं माझ्याकडून कबूल करून घेतलं आहे. तू फक्त दार उघडशील तेव्हा हात ओढणीत घेऊ नकोस.

तुझाच,
बाबा