सावंत सरांचं गाढव

गुरुवार, चाकणहून आल्या आल्या

आज गाढव भर मीटिंगमध्ये ओरडलं. वाईट वाटतंय का? नाही. मनात शोधून पाहिलं, अजिबात नाही.

पार्टचं माप चुकलं की माझा प्रोग्रॅम कॉम्प्युटरला एवढंच सांगतो, इशारा वाजव. कुठला वाजवायचा, हे ज्याचं लॉगिन त्याने निवडायचं. प्रॉडक्शन लाइनवर लॉगिन लाइनचे प्रमुख सावंत सरांचं. त्यांनी गाढवाचं ओरडणं लावलं. ते ओरडलं की सगळ्यांसमोर म्हणायचे, ‘मॅडम, तुम्हाला बोलावतंय!’ दिवाळीपासून हेच. बदला म्हटलं तर, ‘गंमत कळत नाही का?’

आज कस्टमरची माणसं येणार होती. सरांनी तोच कॉम्प्युटर, माप घेणाऱ्या मशीनसकट, हॉलमध्ये मागवला. ‘मोठे स्पीकर जोडा, कंपनीची फिल्म दाखवायचीय.’ मला गाढव आठवलं होतं. तरी जोडले. आवाज फुल करून.

फिल्म संपल्यावर कस्टमरच्या बाई म्हणाल्या, ‘लाल पार्ट लावून दाखवा.’ मशीन चूक पकडतं का हे बघायला रोज सकाळी लावतो तो, मुद्दाम चुकीचा. सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीकडे.

काय ओरडलं गाढव! काचा थरथरल्या.

‘हा आवाज कुणी निवडला?’ बाईंनी विचारलं.

‘ज्याचं लॉगिन, त्याने,’ मी म्हटलं. स्क्रीनवर सरांचं नाव होतंच.

सुटताना सर कंपनीच्या बसपाशी आले, एकदम हळू आवाजात. ‘मॅडम, तेवढं गाढव तुमच्या प्रोग्रॅममधूनच काढून द्या ना.’

दोन क्लिकचं काम.

म्हटलं, ‘कशाला सर? तुम्हाला बोलावतंय.’