निळ्या टोपीचा घोडेस्वार

बाबा, खालापूरचा तो टेंपो परवा माझ्याकडे रंगवायला आला. मागच्या फाळक्यावर तुमचा घोडेस्वार अजून आहे. उन्हाने घोडा विटला, पण टोपीचा निळा रंग काल लावल्यासारखा दिसतो. तुम्हाला जाऊन सहा वर्षं झाली. तेव्हा जे सांगितलं नाही ते आज लिहितो आहे. आधी कच्चं लिहून काढलं, चुका तपासल्या, आता हे पक्कं. सवय जात नाही.

टेंपो नवा होता तेव्हा गाडीवाला शेट आपल्या दारात येऊन म्हणाला होता, "पेंटर, मोर आन् कमळं नकोत. टीव्हीवर रविवारी कार्टून लागतं, त्यातला अमेरिकेचा घोडेवाला काढा. आमचा पोरगा येडा झालाय त्याच्यापायी." तुम्ही तो कधी पाहिला नव्हता. रविवारी सकाळी तुम्ही कुठल्यातरी दुकानाच्या पाटीला शिडी लावलेली असायची, आणि लोकांच्या उंबऱ्यावर टीव्हीसाठी बसणं तुम्हाला आवडत नसे. मला म्हणालात, "तू बघून ये रं. टोपी, घोडा, पट्टा, सगळं लिहून आण. रंग नीट बघ." नववीतून शाळा सुटल्यापासून मी तुमच्या पाट्यांवरची अक्षरं लिहीत होतो. माझ्या पोराचं ऱ्हस्व-दीर्घ चुकत नाय, असं तुम्ही गिऱ्हाइकांना सांगायचा. पण चित्राला तुम्ही मला कधी ब्रश लावू दिला नव्हता. चित्रातलं काही माझ्यावर सोपवलंत ते त्या दिवशी पहिल्यांदा.

दहिवलीत ज्या काकींकडे टीव्ही होता त्यांच्या ओटीवर मी वही घेऊन बसलो आहे. टीव्ही साधाच, काळा-पांढरा. पण काकांनी पडद्यावर रंगीत प्लास्टिक लावलं आहे, वर निळं, मध्ये पिवळं, खाली हिरवं. काकी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात, "आमचा बी कलर हाय गं." घोडेस्वार चोरांच्या मागे वाळवंटातून दौडतो. त्याची रुंद टोपी निळी, गळ्यातला रुमाल पिवळा, बूट हिरवे. मी लिहून घेतो. टोपीला किती चुण्या, पट्ट्याला किती भोकं, तेसुद्धा. मग घोडा टेकडीचा उतार उतरू लागतो, आणि टोपी पडद्याच्या मध्यावर आली तशी पिवळी होते. अजून खाली आली तशी हिरवी. मी ते पाहिलं, बाबा. रंग टोपीचा नाही, प्लास्टिकचा आहे, हे मला त्याच घटकेला कळलं. पेन्सिल थोडा वेळ तशीच धरून बसलो. मग 'रंग' असं शीर्षक घातलेल्या रकान्यात लिहिलं, टोपी निळी.

घरी तुम्ही वही दिव्याखाली धरून वाचलीत. शुद्ध लिहिलेलं खरंच असतं अशी तुमची समजूत होती. तरी विचारलंत, "रंग नक्की ना रं?" तेव्हा नुसतं म्हणायचं होतं, कळले नाहीत, दुसरीकडे बघून येतो. पण मग तुम्ही वही बाजूला ठेवली असतीत आणि मी परत अक्षरांपुरता उरलो असतो. म्हणालो, "डोळ्यांनी पाहिलेत." तुम्ही निळ्या रंगाचा डबा उघडलात. चार दिवस खपून काढलात. तसा घोडा मी अजून दुसरा पाहिला नाही.

खालापूरला चहाच्या टपरीसमोर टेंपो उभा केला, तेव्हा शेटचा मुलगा धावत आला आणि थांबला. त्याच्या मामाकडे रसायनीच्या कॉलनीत खरा रंगीत टीव्ही होता. "टोपी काळी असते," तो म्हणाला. "रुमाल लाल. हिरवे बूट कुठं असतात?" शेट हसून म्हणाला, "काय पेंटर, घोडेवाला रंगपंचमी खेळून आला काय?" टपरीवरची सगळी माणसं हसली. कोणीतरी म्हणालं, "घोड्यालापन थोडा लावायचा." वही माझ्या खिशात होती. तुम्ही माझ्याकडे एकदा पाहिलंत. मग शेटला म्हणालात, "माझीच नजर चुकली. वय झालं. आता रंग उमगत नाय."

रंगाऱ्याने हे चार माणसांत बोलायचं नसतं. शेटने चित्र तसंच ठेवलं, गंमत म्हणून, आणि ते खोपोलीपासून कर्जतपर्यंत तुमची बदनामी करत फिरलं. देवळाच्या कमानीचं काम तुमच्या हातून गेलं. मग टेंपोवाले यायचे बंद झाले. शेवटी नंबर प्लेटा राहिल्या, पांढऱ्यावर काळं, ज्यात रंग चुकायची सोय नव्हती. त्या दिवशी परत येताना एसटीत तुम्ही एवढंच म्हणालात, "वही फाडू नको. अक्षर चांगलं हाय." तुम्हाला वाटलं, पोरगं चुकलं. मी चुकलो नव्हतो. तुम्ही आजारी पडलात तेव्हा तीन महिने मी रोज तुमच्या खाटेशी बसत होतो. तेव्हाही हे बोललो नाही.

वही फाडलेली नाही. हा कागद तिच्यात, त्याच पानाशी ठेवणार आहे. टेंपो दारात उभा आहे. फाळका पॉलिश पेपरने घासून काढायचा आहे. सकाळी घोड्याच्या पायांपासून सुरुवात केली आणि टोपीपाशी येऊन हात थांबला, म्हणून लिहायला बसलो. पण हेही लिहायला हवं. परवा शेट किल्ली देताना म्हणाला, "बापासारखा रंग चुकवू नको रं." तिथे टपरी नव्हती, गर्दी नव्हती, आम्ही दोघंच होतो. रंग तुम्ही नाही, मी चुकवला, हे वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. मी हसलो आणि म्हणालो, "नाय चुकवणार, शेट."