पर्समधलं वजन

फिलिप्सबर्ग, न्यू जर्सी
३ मार्च

ति. व्हर्नाताईस,
धाकट्या ल्यूथरचा नमस्कार. फोनवर मला अर्धंच ऐकू येतं आणि तेवढ्यावर मी पूर्ण भांडतो असं तुझं म्हणणं, म्हणून हे पत्र.

वीस तारखेला माझा गुडघा बदलताहेत. नंतर पंधरा दिवस घरात कोणीतरी हवं, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलंय. माझी एड्ना गेल्यापासून घरात मी आणि बोका. बोक्याला विचारून पाहिलं, त्याला स्वयंपाक येत नाही. तेव्हा तू ये.

दर रविवारी आपण नदीवरच्या पुलाच्या मध्यावर, दोन राज्यांच्या हद्दीच्या रेघेशी भेटतो. तू तुझ्या राज्यात उभी राहून केक देतेस, मी माझ्या राज्यात उभा राहून मागचं ताट परत करतो. अकरा वर्षांत तू ती रेघ ओलांडली नाहीस. आता मला मध्यापर्यंत चालवणार नाही. फक्त येताना पर्समधलं ते पिस्तूल घरी ठेव. तुझा परवाना इकडे चालत नाही; पर्समध्ये सापडलं तर तुला तुरुंगात डबा कोण पोचवणार? मी तर लंगडा.

तुझ्या केकचा भुकेला,
ल्यूथर


ईस्टन, पेनसिल्व्हेनिया
७ मार्च

चि. ल्यूथरास,
अनेक आशीर्वाद आणि एक धपाटा.

माझं गाडीचं लायसन्स तुमच्याकडे चालतं. क्लॅरेन्सशी लागलेलं माझं लग्नही चालत होतं. मग पिस्तुलाचा परवानाच तेवढा पुलाच्या मध्यावर कसा मरतो? एका राज्याचा परवाना सगळ्या राज्यांनी मानावा, असं विधेयक वॉशिंग्टनमध्ये रखडलंय. मी आमच्या खासदाराला खरमरीत पत्र टाकलं. त्याने छापील आभार पाठवले.

तू चेष्टा कर. पण अकरा वर्षांपूर्वी आमच्या दुकानात चाकू घेऊन दोघं शिरले, त्या दुपारी तू नव्हतास. क्लॅरेन्स खिळ्यांच्या खोक्यांवर कोसळला तो उठलाच नाही, आणि माझ्या हातात नुसती मोजपट्टी होती. तेव्हापासून पर्स हलकी लागली की माझ्या छातीत धडधडतं. तुझ्याकडे यायचं म्हणजे पंधरा दिवस तसंच राहायचं. जमेल असं वाटत नाही रे.

गुडघ्याला जप. तोंडालाही.
तुझी ताई


फिलिप्सबर्ग
११ मार्च

ति. ताईस,
नमस्कार. लायसन्ससाठी तुला गाडी चालवून दाखवावी लागली होती. परवाना मात्र तुला खिडकीवर अर्ज देऊन मिळाला, नेम कोणी बघितला नाही. मी बघितलाय. लहानपणी कुंपणावरचा डबा सोडून तू बाबांच्या ट्रकची काच फोडलीस आणि नाव माझं घेतलंस. इकडे आधी नेम दाखवावा लागतो. आमच्या रस्त्यावर कोणी काय बाळगायचं ते आम्हीच ठरवू, असं मीही आमच्या खासदाराला कळवलंय. मलाही छापील आभार आले.

आता खरं सांगतो. तू आली नाहीस तर मला शुश्रूषागृहात ठेवतील. एड्ना तिथे दोन आठवड्यांसाठी म्हणून गेली आणि घरी परतलीच नाही. मला भीती वाटते, ताई. भांडण जिंकून मी काय करू?

वाट बघणारा,
ल्यूथर


ईस्टन
६ एप्रिल

चि. ल्यूथरास,
आशीर्वाद. काल सुखरूप घरी पोचले. बोक्याची आठवण येते, तुझी थोडी कमी.

तुझ्याकडे आले त्या दिवशी मी दीड तास उशिरा पोचले आणि वाहतुकीच्या नावावर खपवलं, ते खोटं होतं. पुलाच्या तोंडाशी येऊन दोनदा गाडी मागे वळवली. तिसऱ्यांदा डोळे वटारून पार झाले आणि तुमच्याकडे पेट्रोल स्वस्त म्हणून पंपावर थांबले. सवयीने उतरून स्वतःच नळी लावली, तर पंपावरचा माणूस बोंब मारत धावत आला, की या राज्यात गिऱ्हाइकाने पेट्रोल भरणं बेकायदा आहे! पिस्तूल घरी कुलपात ठेवून आलेली बाई मी, आणि पाच मिनिटांत गुन्हेगार ठरले.

अजून एक. माझ्या उशीखाली रुमालात गुंडाळलेली सफरचंदाच्या मुरंब्याची बरणी राहिलीय. हसू नकोस. घरच्या तराजूवर एका पारड्यात पिस्तूल ठेवून तिचं वजन जुळवून घेतलं होतं. पर्स हाताला तेवढीच जड लागायला हवी होती. जपून ठेव आणि चालता यायला लागलं की परत दे.

औषधं वेळेवर घे.
तुझी ताई


फिलिप्सबर्ग
१० एप्रिल

ति. ताईस,
नमस्कार. हसलो नाही. बरणी मांडीवर घेऊन तुझं पत्र पुन्हा वाचलं. पंधरा दिवस तू मला सूप भरवत होतीस, मी तुझ्या नेमावर विनोद करत होतो, आणि तू ही उशाशी घेऊन झोपत होतीस. चुकलो, ताई.

मग बरणी उघडली आणि पावाला लावून अर्धी संपवली. आता ती वजनात भरणार नाही, त्यामुळे परत देण्यात अर्थ नाही.

पुढच्या महिन्यात काठी टेकत पुलावर येईन. या वेळी रेघ ओलांडून दहा पावलं तुझ्या बाजूला येईन आणि तुझ्या पर्समध्ये काय आहे ते विचारणार नाही. वॉशिंग्टनचं काय ठरायचं ते ठरो. माझं पत्र मी मागे घेत नाही, तूही घेऊ नकोस. पण माझ्याकडे येताना नवी बरणी भरून आण. या घरात त्या बरणीचा परवाना कायमचा चालतो.

मुरंब्यावर आणि माझ्यावर सारखीच माया ठेव.
ल्यूथर