पुलावरची बहीण

आबा, तो स्कॉटलंडच्या बंडाचा सिनेमा परवा रविवारी टीव्हीवर लागला होता. बोईसरला मी तुम्हाला दाखवला होता, तोच. तुमचा झोपाळा जिथे होता तिथे आता सोफा आहे. त्यावर एका बाजूला तुमची सून, म्हणजे वहिनी, मध्ये तिची नात आणि दुसऱ्या बाजूला मी, अशा बसून आम्ही तो शेवटपर्यंत पाहिला. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आता काही कळवायला कारण उरलेलं नाही. पण मला राग आलाय, आणि ज्याच्यावर आलाय तो माणूस भांडायला समोर नसला की असं कागदावर भांडावं लागतं. मिशनच्या सिस्टरांच्या शाळेत आम्हाला शिकवलं होतं, रागात पत्र लिहू नये. रागात नाही तर मग कशात लिहायचं, ते मात्र कोणी शिकवलं नाही.

तेव्हा मी बोईसरला लागून असलेल्या तारापूरच्या एका कारखान्याच्या ऑफिसात होते. साहेबांची पत्रं टाइप करायची असं कामाचं नाव होतं, साहेबांचं इंग्रजी धुऊन वाळत घालायचं हे खरं काम. सिनेमा बोईसरच्या थेटरात लागल्याचं कळलं तशी मी दोन तिकिटं काढली. तुम्ही इंग्रजी सिनेमा कधी पाहिलेला नव्हता. मी मनात चित्र रंगवलं होतं: तुम्ही अंधारात माझ्याकडे वाकून विचारताय, काय बोलला गं तो, आणि मी हळू आवाजात एकेक वाक्य मराठीत उतरवून देतेय. ज्या इंग्रजीसाठी तुम्ही मला लहानपणी घरापासून लांब, सिस्टरांच्या होस्टेलात ठेवलंत, ती एकदा तरी तुमच्या कामाला येणार होती.

थेटर कारखान्यांतल्या कामगारांनी भरलेलं. पडद्यावर धुकं, डोंगर, पुढे लांब भाले घेतलेली फाटकी माणसं आणि समोर इंग्लंडच्या राजाचे घोडेस्वार. मागून एक जण म्हणतो, "अबे, ये लंबूवाला मरेगा क्या?" दुसरा सांगतो, "हीरो है. इंटरवल तक तो रुकेगा." मी तुमच्या कानाशी जाते. "आबा, तो सरदार म्हणतोय..." तुम्ही मान न वळवता म्हणता, "गप बस. मला कळतंय."

"काय कळतंय? इंग्रजीत बोलतायत ते."

"जमीन घ्यायला आलेत. त्यात न कळण्यासारखं काय हाय?"

मग मी गप्प बसले ती शेवटपर्यंत. शेवटी त्या बंडखोराला राजाच्या गावात नेऊन मारलं तेव्हा तुम्ही सदऱ्याच्या बाहीने डोळे पुसलेत. आई गेली तेव्हासुद्धा मी तुम्हाला डोळे पुसताना पाहिलं नव्हतं. मला त्या स्कॉटलंडच्या माणसाचा इतका हेवा वाटला की काय सांगू. परत येताना एसटीत विचारलं, "कसा होता?" तर म्हणालात, "बरा हाय." दोन शब्द.

आणि पुढच्या शनिवारी पालघरच्या माझ्या खोलीवरून घरी वाडीवर आले तर काय बघते, तुम्ही स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसलाय, वहिनी मोड आलेले वाल सोलतेय, आणि तुम्ही तिला तोच सिनेमा सांगताय. हातवारे करून. घोड्याच्या टापा तोंडाने वाजवून. मनोरच्या बाजूचे डोंगर म्हणजे स्कॉटलंड, नदी वैतरणेएवढी, तिच्यावर लाकडी पूल. वहिनीचे हात थांबलेले, तोंड उघडं. मी दारात उभी राहिले आणि तुम्ही गप्प झालात. "आल्या आमच्या मॅडम," म्हणालात. वहिनी म्हणाली, "सांगा ना आबा, मग पुलावर काय जालं?" तुम्ही उठून वाडीत गेलात. "उद्या सांगीन."

ते "उद्या" तुम्ही जाईपर्यंत चाललं. किती संध्याकाळी तुम्ही तिला ती गोष्ट सांगितलीत ते तिलाही आठवत नाही. मी आले की गोष्ट बंद. सिनेमा दाखवला मी, तिकिटं काढली मी, आणि गोष्ट मिळाली तिला. मी स्वतःची समजूत घालत होते, की मला सिनेमा माहीत आहे म्हणून मला सांगत नाहीत. दुसऱ्याच क्षणी वाटायचं, सून घरात राहते, गरम भाकरी वाढते, लेक शनिवारची पाहुणी. वहिनी वाईट असती तर सोपं गेलं असतं. ती वाईट नाही. मला रताळी उकडून द्यायची, माझ्या पिशवीत न सांगता चिकू भरायची. हेवा करायलासुद्धा ती धड जागा देत नाही.

तुम्ही गेल्यावर गोष्ट तिच्याकडे राहिली. तिने आधी तिच्या मुलांना सांगितली, आता नातीला सांगते. "आबांची गोष्ट" म्हणतात तिला. सुरू झाली की मी उठून मागच्या दारी जायचे, कपडे वाळले का बघायला. या घरात माझ्याइतके कोणी कपडे बघितले नसतील.

तर परवा सिनेमा सुरू झाला. नात पहिल्यापासून बेचैन. पूल आला, भालेवाले आले, घोडेस्वार आले, लढाई झाली, पूल कोसळला. नात म्हणाली, "आजी, ती कुठे गेली?"

"कोण?" मी विचारलं.

"त्याची बहीण. छत्रीवाली."

मी हसले. "स्कॉटलंडात कुठली छत्री? आणि याला बहीण नाहीच. पूर्ण सिनेमात नाही."

"असं कसं? तीच तर मेन आहे."

मी वहिनीकडे पाहिलं. ती पदराशी चाळा करत बसलेली. म्हणाली, "सिनेमात नसंल. आबांनी घातलेली हाय ती."

मग सिनेमा चालूच राहिला आणि नातीने मला ती बहीण सांगितली. बंडखोराची बहीण लहानपणी डोंगरापलीकडच्या मठात सिस्टरांकडे शिकायला होती. तिला राजाची भाषा राजापेक्षा चांगली येते. नाकावर राग. राजाचे सरदार पुलावर येऊन आपापसात त्यांच्या भाषेत बोलतात, ही अडाणी माणसं, यांना काय कळतंय, जमीन मोजा आणि चला. तेवढ्यात ही पुढे होते. हातात काळी छत्री, लाकडी मुठीची. त्यांच्याच भाषेत त्यांना म्हणते, आधी नीट बोलायला शिका, मग जमीन मागा.

आबा, ती लाकडी मुठीची काळी छत्री मला नोकरी लागली तेव्हा तुम्ही पालघरच्या बाजारातून आणलीत. हातात देताना एवढंच म्हणालात, "बोईसरला पाऊस लय."

आणि तो दिवस तर तुम्हाला मी आठवण करून द्यायला नको. कॉलेजच्या सुट्टीत मी घरी होते. वाडीतून पाइपलाइन न्यायची म्हणून साहेब लोक मोजायला आलेले. तुम्ही त्यांच्यासमोर हात बांधून उभे. एक साहेब दुसऱ्याला इंग्रजीत म्हणाला, हे लोक काही विचारत नाहीत, लवकर आटपू. मी ओटीवरून त्याला इंग्रजीतच सुनावलं, की या लोकांना विचारायचं असतं, तुम्ही त्यांच्या दारात उभे आहात. त्याचा चेहरा पडला. मला वाटलं, आता आबा माझ्या पाठीवर हात ठेवतील. तुम्ही सगळ्यांदेखत म्हणालात, "तू आत जा. मोठी माणसं बोलतायत. पाणी आण साहेबांना." मी पाणी आणलं. तांब्या इतका आदळला की अर्धं सांडलं. त्यानंतर तुमच्यासमोर मी इंग्रजीचा एक शब्द बोलले नाही, त्या थेटरापर्यंत. आणि तिथेही गप बस.

मी नातीला विचारलं, "मग तिचा भाऊ काय करतो? आत जा म्हणतो?"

नात म्हणाली, "नाही गं. भालेवाले पुढे धावतात ना, तेव्हा तो हात वर करतो."

पुढचं वहिनीने सांगितलं, तुमच्याच आवाजात, तुमच्यासारखी मान तिरकी करून. "तो म्हणतो, भाले खाली ठेवा. आदी तिला बोलू द्या."

टीव्हीवर त्या बिचाऱ्या बंडखोराला दोराने बांधून नेत होते. कोणी तिकडे बघत नव्हतं. मी वहिनीला म्हटलं, "इतकी वर्षं मला सांगितलं नाहीस?" ती म्हणाली, "तुमी थांबलात कदी? गोष्ट चालू जाली की तुमी कपडे बगायला. मला वाटलं तुमाला माईत हाय. आबा म्हणायचे, ती आली की बंद करा, ती चुका काढील."

चुका काढल्याच असत्या. मेंढ्या राखणाऱ्यांच्या घरातली पोरगी मठात शिकायला कशी जाईल, छत्री कुठून येईल, हे सगळं काढलं असतं. म्हणून काय मला सांगायचंच नाही? माझी गोष्ट, आणि ती वहिनीला पाठ, तिच्या मुलांना पाठ, तिच्या दुधाचे दात पडलेल्या नातीला पाठ. सगळं घर मला ओळखत होतं आणि मी मागच्या दारी चादरी चाचपत होते. वहिनीचा हेवा करता करता म्हातारी झाले, तो आता कुठे संपावा, तर ही नवी निघाली. त्या पुलावरच्या बाईचा मला हेवा वाटतो, आबा. तिला तुम्ही बोलू दिलंत. सगळ्यांदेखत, साहेबांसमोर, हात वर करून. मला तांब्या दिलात.

हे मी तुमच्याच घरी, स्वयंपाकघरात बसून लिहितेय. दोन दिवस झाले, अजून पालघरला परत गेले नाही. मघाशी वहिनी वाल घेऊन समोर बसली आणि म्हणाली, "ताई, कोणाला लिवताय एवढं?" म्हटलं, पालघरच्या आमच्या सोसायटीला, पाण्याची तक्रार. तक्रारच आहे, सोसायटीची नाही एवढंच. मग मी तिला म्हटलं, नातीला गोष्ट नीट कळलेली दिसत नाही, पुलाचा भाग पुन्हा सांग. नात केव्हाच शेजारी खेळायला गेली होती, हे दोघींना दिसत होतं. वहिनीने वाल बाजूला ठेवले आणि घोड्याच्या टापांपासून सुरुवात केली. मी कपडे बघायला उठले नाही. एक चूकही काढली नाही.