आम्ही ओढा आवरला

तीर्थस्वरूप सौ. वन्संना वाकून नमस्कार.

तुमचं पार्सल परवा पोचलं. आत निघालं ते असं: गुडघ्याच्या तेलाच्या बाटल्या दोन (एकीचं बूच सैल होतं, त्यामुळे सध्या दीड), लोकरी पायमोजे एक जोड, आणि सासूबाईंच्या चष्म्याला दोरी. तिकिटं कमी लावलेली होती म्हणून टपालवाल्याने आमच्याकडून जे वसूल केलं त्यात अंगाच्या साबणाच्या तीन वड्या आल्या असत्या. पण ते मनाला लावून घेऊ नका, मी फक्त लिहून ठेवलंय. तेल सासूबाईंना मानवतं आहे. तुमचा घसा कसा आहे? तुमच्या यजमानांचा पित्ताचा त्रास? रोजच्या प्रार्थनेत दोघांचं नाव घेते. एवढं करून पित्त हटत नसेल तर त्यांचं जागरण बघा.

आता इकडची हकीकत. परसामागचा ओढा तुमच्या माहितीचाच. तुमच्या लहानपणी म्हणे तो वळणं घेत जायचा. पुढे कोणा शहाण्याने त्याला काँक्रीटच्या नालीत घालून सुतासारखा सरळ केला, तेव्हापासून त्यात मासा टिकेना आणि पाणी चढलं की ते धावत येऊन आपल्याच मागच्या भिंतीवर आदळू लागलं. आता त्याच ओढ्याला पुन्हा वाकडा करायचं काम निघालंय (सरळ करायलाही माणसं लागली, वाकडा करायलाही लागतातच, कामाला तोटा नाही). जोडीला दोन्ही काठांनी पायवाट, कोपऱ्यावरच्या बागेत बाकं, आणि शेवटी आपल्या मागल्या दाराच्या थेट खाली एक छोटा पादचारी पूल. कामावर एक इंजिनीअर मुलगी आहे. गुडघ्यापर्यंत रबरी बूट, कानावर पेन्सिल. गल्लीने तिचं नाव 'ओढेबाई' ठेवलं, आणि ती बिचारी त्या नावाला ओ देते.

हा पूल सासूबाईंना किती हवाय, ते तुम्हाला लिहायला हवं. पलीकडच्या काठावर तुमची मावशी. मधे हाकेच्या अंतराएवढं पाणी, पण मोठ्या पुलावरून वळसा घालून जायचं तर दोघींपैकी एकीचेही गुडघे पुरत नाहीत. त्यामुळे दोघी सकाळी आपापल्या मागल्या पायरीवर बसतात आणि ओढ्याच्या दोन काठांवरून भांडतात.

"काय म्हणालीस?"

"म्हटलं, तूच तसं म्हणाली होतीस!"

"कसं?"

"ऐकू येत नाही, जोरात बोल!"

भांडण मूळ कशावरून, ते आता कोणालाच नीट आठवत नाही, म्हणून तर समोरासमोर बसणं जरूर आहे, असं सासूबाईंचं म्हणणं. मागे मावशी खोकल्याने पायरीवर आल्या नाहीत, त्या दिवशी सासूबाईंनी ताट तसंच सरकवलं. विचारलं तर म्हणाल्या, भूक नाही. भूक कुठे गेली होती ते मला समोर पाण्यापलीकडे दिसत होतं.

तर काँक्रीट फुटलं, वळणं झाली, आणि मग एके दिवशी पिवळ्या यंत्राने ओढ्यात धोंडे टाकले, वाळूखडी पसरली, आणि मुळांसकट उपटलेली झाडांची मोठमोठी खोडं आडवी-तिडवी खुपसून दिली. त्यानंतर सुट्टी लागली आणि कामावरचे सगळे गेले. वन्सं, तुम्हीच सांगा, कामगार पसारा टाकून गेले असं कोणालाही वाटेल की नाही? काठावर पाटी होती. मी मॅट्रिक झालेली, त्यामुळे वाचण्याचं काम माझ्याकडे आलं. 'ओढा मूळ स्थितीत आणण्याचे काम.' आमच्या प्रार्थनामंडळाच्या बायकांना मी सांगितलं की मूळ स्थिती म्हणजे स्वच्छच असणार, देवाने काही कचरा घालून ओढा निर्माण केला नव्हता. सगळ्यांना पटलं. पदर खोचले, कपडे वाळत घालायच्या दोऱ्या सोडल्या, आणि सुट्टी संपायच्या आत आम्ही ओढा आवरला.

आवरला म्हणजे कसा, तर बघत राहावं असा. खोडं ओढून काढली. खडी चिखलाच्या गल्लीत पसरली, वाया कशाला घालवायची? धोंडे घासून काठावर ओळीने मांडले आणि त्यांना चुना दिला (चुना शिंपीणबाईंकडे उरलेला होता, खर्च काही नाही). सासूबाई पायरीवरून म्हणाल्या, "हिच्या तावडीतून समुद्रसुद्धा सुटायचा नाही." मी ते कौतुक समजले.

सुट्टी संपली, ओढेबाई आली, आणि काठावरच मटकन बसली. रडेल असं वाटलं म्हणून मी पाणी नेलं.

"काकू, ते माशांचं घर होतं हो!"

"घर? मग असं पसरलेलं?"

तेव्हा तिने समजावलं. धोंड्यांवर पाणी आपटलं की त्यात हवा मिसळते, खडीत मासे अंडी घालतात, मुळांच्या सावलीत पिल्लं लपतात. मासळीचा संसार पसाऱ्यातच चालतो. (आपल्या घरातही हे तुमच्या भावाच्या टेबलाबाबत ऐकत आलेय, पण ते माशांइतकं पटलं नव्हतं.) आणि येत्या गुरुवारी वरचे साहेब बघायला येणार. ओढ्याचं काम नकाशाप्रमाणे दिसलं तर पूल मंजूर, नाहीतर पुलाचे पैसे दुसऱ्या कुठल्याशा बागेकडे वळणार. हे ऐकून सासूबाईंनी त्या रात्री पुन्हा ताट सरकवलं. त्यांनी ताट सरकवणं किती वाईट, ते तुम्ही लेकीच्या नात्याने जाणताच.

मग काय, मंडळ पुन्हा ओढ्यात. आधी चुना खरवडला, कारण चुन्याने मासे मरतात. चढवायला जेवढा वेळ लागला त्याच्या दुप्पट उतरवायला. गल्लीतली खडी चाळून, धुऊन परत नेली. धोंडा सरळ ठेवला की ओढेबाई ओरडायची, "काकू, वाकडा! अजून वाकडा!" जन्मभर सगळं सरळ लावलेल्या हातांना वाकडं लावणं किती अवघड जातं, ते करून बघा. आपले हे रोज काठावर येऊन, हात मागे बांधून, "थोडं डावीकडे" एवढं सांगून घरी जात. खोडं मात्र घरोघर गेली होती. शिंपीणबाईंच्या अंगणात एकावर शिवणयंत्र चढलं होतं, दूधवाल्याने एकाला म्हैस बांधली होती. मागून आणली. नकाशात सात आहेत, सहा जागेवर बसली.

बाकी सर्व ठीक. प्रकृतीला जपा, औषध वेळेवर घ्या. तुमच्या यजमानांना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुमची नम्र,
धाकटी भावजय

ता. क. सातवं खोड तुमच्याकडे आहे. सुट्टीच्या शेवटी तुम्ही उभ्याउभ्या येऊन गेलात तेव्हा अंगणात पडलेलं ते तुम्हाला आवडलं, आणि मीच मोठ्या मनाने तुमच्या गाडीच्या टपावर बांधून दिलं (माझं नव्हतं म्हणूनच मन एवढं मोठं झालं असावं). तुम्ही त्यावर काच बसवून बैठकीत मांडलंय आणि फार शोभतं, असं कळलं. शोभणारच. पण नेमकं तेच खोड पुलाच्या पायाजवळच्या वळणावर हवं. त्याची मुळं काठ धरून ठेवतात. एवढी पसरलेली मुळं बाकीच्या एकालाही नाहीत. काच ठेवून घ्या. पॉलिश केलं असेल तर आम्ही इकडे तासून घेऊ. बुधवारपर्यंत यायला हवं.

ता. क. २. सासूबाईंना वरचं वाचून दाखवलं. त्यांचा निरोप त्यांच्याच शब्दांत, मी फक्त लिहिते: "तिला म्हणावं, खोड नाही तर पूल नाही. पूल नाही तर माझं बहिणीशी बोलणं इथे व्हायचं नाही. मग आम्ही दोघी तुझ्याकडेच येऊन, त्या काचेच्या दोन बाजूंना बसून, काय ते मिटवू. किती महिने लागतील सांगता येत नाही." मावशींना ओढ्यावरून विचारलं. पहिल्या हाकेला ऐकू आलं आणि लगेच कबूल झाल्या. दोघींचं एकमत झालेलं मी या घरात प्रथमच पाहिलं. तरी खोड पाठवताय की मी दोघींच्या बॅगा भरायला घेऊ, ते उलट टपाली कळवावं. तिकिटं पुरेशी लावावीत.