पासष्टाव्या नावाखालची रेघ

कानाझावा,
३ सप्टेंबर १९९९

ती. आईस,
मिझुहोचा सा. न. वि. वि.

तू पाठवलेलं मुळ्याचं लोणचं पोचलं. ऑफिसात डबा उघडला की शेजारचे नाक मुरडतात आणि दुसऱ्या दिवशी हळूच थोडं मागतात.

मागच्या पत्रात तू विचारलंस की दिवसभर यंत्रासमोर बसून मी करते तरी काय. मैदानावरचा बेसबॉलचा हंगाम अजून महिनाभर चालेल, पण आमच्या मजल्यावर पुढचं वर्ष सुरू झालं आहे. प्रत्येक खेळाडूच्या मागच्या तीन वर्षांवरून त्याची पुढची तीन वर्षं कशी जातील याचा अंदाज मी मांडते. मग सगळी नावं क्रमाने एकाखाली एक लागतात. नियमाप्रमाणे क्लबला सत्तर खेळाडू ठेवता येतात. पण कंपनीने यंदा पगारांवर मर्यादा घातली आहे, आणि त्या मर्यादेतच ओसाकाचा एक मोठा फलंदाज आणायचा आहे. त्याच्या एकट्याच्या पगारात तू जिथे रांधतेस ते खेळाडूंचं अख्खं वसतिगृह दहा वर्षं जेवेल. म्हणून यंदा सत्तर नाही, पासष्टच. पासष्टाव्या नावाखाली रेघ. रेघेखालच्यांना ऑक्टोबरात फोन जाईल.

हे वाचून तुझ्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. पण आई, पूर्वी कसं ठरायचं ते आठव. कोण कुठल्या नावाजलेल्या शाळेचा, कोण कुठल्या प्रशिक्षकाचा लाडका. माझ्या कागदाला यातलं काहीच दिसत नाही. कोळ्याचा मुलगा आणि डॉक्टरचा मुलगा त्याला सारखेच. म्हणून मला हे काम मनापासून पटतं.

नावं विचारू नकोस, सांगता येणार नाहीत. आम्हाला वसतिगृहात फोन करायचीही मनाई झाली आहे. पत्रावरच भागवू या.

पाठदुखीला जप. तुझा लोभ आहे तोवर मला इथे परकं वाटणार नाही.

तुझी,
मिझुहो

ता. क. एका वाटी तांदळाला पाणी किती? परवा पुन्हा पेज झाली.


हिमी,
९ सप्टेंबर

चि. मिझुहोस,
आईचे अ. उ. आ. आणि एक धपाटा.

अगं, सत्तर माणसांचं भविष्य सांगतेस आणि स्वतःच्या वाटीभर भाताचं सांगता येत नाही? घरातली पहिली पदवीधर! तांदळावर तळहात ठेव, पाणी मनगटाच्या हाडाच्या खाली राहू दे. हे तुझ्या विद्यापीठात नाही शिकवत.

तुझ्या कागदावर कोण आहे ते मी विचारणार नाही. अकरा वर्षं या पोरांचा स्वयंपाक करते आहे. कोण जाणार ते मला इस्त्रीवरून कळतं. उद्या सूट घालून ऑफिसात या, असा फोन आला की ज्याला आला तो इस्त्री मागायला स्वयंपाकघरात येतो. त्याच्या आधी कळून मला करायचंय काय?

बाकी सगळे ठीक. एकतीस जण आणि तांदळाचं पोतं चार दिवस टिकत नाही. नारासाकी मात्र माझ्या हातच्या जेवणाला कंटाळलेला दिसतो. तोच तो डावरा पिचर, गोतो बेटावरच्या कोळ्याचा मुलगा. पूर्वी बांगडा असा साफ करायचा की मांजराने निराश व्हावं. आता भाजलेला मासा वाढला की थाळी कोइझुकापुढे सरकवतो आणि म्हणतो, मावशी, करी-भात नाही का? म्हटलं, राजे, तुमच्या बापाने ऐकलं तर समुद्रात उडी घेईल.

कोइझुका आत्ता माझ्या शेजारी उभा राहून वाडगे पुसतोय. सत्तावीस वर्षांचा घोडा, दुसऱ्या संघाचा तिसरा कॅचर, पण भांडी पुसल्याशिवाय झोपायला जात नाही. विचारत होता काय लिहिताय. म्हटलं, लेकीला काय लिहायचं, तुमचीच गाऱ्हाणी. तर म्हणे, नारासाकीच्या माशाचं लिहिलंत का? म्हटलं, एवढ्या शिकलेल्या मुलीला माशाचं काय कौतुक! म्हणाला, लिहा तर खरं, तिला गंमत वाटेल. म्हणून लिहिलं.

रात्री खिडकी लावून नीज. मायेने आठवण काढतेस तशीच काढत राहा.

आई


कानाझावा,
१३ सप्टेंबर

ती. आईस, सा. न.

माशाचं तू गंमत म्हणून लिहिलंस, मी ते चारदा वाचलं. नारासाकी डावरा आहे, म्हणजे जेवायच्या काड्याही डाव्या हातात धरत असणार. आता कोणत्या हाताने जेवतो? मासा केव्हापासून सोडला? करी-भात चमच्याने खाता येतो म्हणून तर मागत नाही ना?

नीट बघ आणि लगेच कळव. मी का विचारते आहे हे मात्र विचारू नकोस. उतावीळपणाची क्षमा असावी आणि लोभही.

मिझुहो


हिमी,
१८ सप्टेंबर

चि. मिझुहोस, अ. उ. आ.

तीन दिवस पाहिलं. उजव्या हाताने जेवतो, चमच्याने. चहाची किटली डाव्या हाताने उचलायला गेला आणि तशीच खाली ठेवली. काल बर्फाच्या पेटीशी एकटा सापडला, कोपराला फडकं बांधलेलं. म्हटलं, दाखव. आधी हसला, मग खालीच बसला.

जुलैपासून दुखतंय. गोळ्या खाऊन चेंडू फेकतो. म्हणाला, मावशी, कोणाला बोललात तर मी संपलो. मोडक्या हाताच्या पिचरला कोण ठेवतं? एवढा हंगाम रेटतो, थंडीत आपोआप बरं होईल. मी म्हटलं, अरे गाढवा, कुणाचं आपोआप बरं झालंय? पण त्याने माझा एप्रन धरून ठेवला होता. शब्द दिल्याशिवाय सोडेना. दिला.

तो शब्द आता तुझ्यावरही आहे. तू विचारलंस म्हणून लेकीला लिहिलं, ऑफिसातल्या बाईला नाही. हे पत्र फाडून टाक.

आई


कानाझावा,
२७ सप्टेंबर

ती. आईस,
सा. न. वि. वि. हे पत्र बसून वाच.

आई, तुझा शब्द मी अर्धा मोडला. तुझं नाव घेतलं नाही, माशाचंही नाही. नारासाकीचे जुलैपासूनचे आकडे शेवटची यादी ठरवणाऱ्या इसोगाईसाहेबांपुढे ठेवले आणि म्हटलं, ही घसरण वयाची वाटत नाही, दुखण्याची वाटते. त्याचा हात तपासून घ्या. मंगळवारी क्लबच्या डॉक्टरांनी तपासला. कोपराचा आतला बंध फाटला आहे.

आता सांगायला नको ते सांगते. माझ्या कागदावर तो रेघेच्या खाली होता. चोवीस वर्षांचा माणूस, वेग उतरत चाललेला, कारण कुठे नोंदलेलं नाही. माझ्या गणिताने त्याला म्हातारा ठरवलं होतं. तो भीतीने गप्प राहिला, आणि त्या गप्प राहण्यानेच त्याचं नाव खाली नेलं. या वयात बंध जोडायची शस्त्रक्रिया झालेले बहुतेक जण दीड वर्षात पूर्वीचा वेग गाठतात. तसं धरून मी पुन्हा मांडलं आणि त्याचं नाव रेघेच्या वर आलं. इसोगाईसाहेबांनी ते मान्य केलं. शस्त्रक्रियाही क्लबच करणार आहे.

तू रागावशील, पण त्याला तिथे राहता येणार आहे, एवढ्यासाठी तरी मला माफ कर.

आणखी एक गोष्ट लिहायची होती. लिहिता येत नाही.

तुझ्या लोभाची आज जरा जास्तच गरज असलेली,
मिझुहो


हिमी,
६ ऑक्टोबर

चि. मिझुहोस, अ. आ.

शब्द मोडल्याबद्दल तुझ्याशी भांडायचं ठरवलं होतं. नारासाकी दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी पुढच्या सोमवारी शस्त्रक्रिया आहे म्हणून सांगायला आला, रडला, आणि दुसऱ्यांदा भात मागितला. मग माझं भांडण तिथेच संपलं.

हे सगळं आनंदाने लिहायला घेणार होते. पण काल कोइझुका इस्त्री मागायला आला.

पहिल्यांदा मी म्हटलं, कुणाचं लग्न आहे रे? तो म्हणाला, माझं नाही एवढं नक्की. मग मला कळलं. शर्ट त्याच्या हातून घेतला आणि मीच त्याला इस्त्री केली. कॉलर दोनदा केली. तो शेजारी उभा राहून वाडगे पुसत होता, नेहमीसारखा.

नऊ वर्षं होता गं. नवीन आलेल्या पोरांना घरची आठवण आली की मी त्यालाच त्यांच्या खोलीत पाठवायची.

मिझुहो, मी कधी विचारत नाही, आज विचारते. नारासाकी वर चढला तेव्हा खाली कोण आलं?

आई


कानाझावा,
१० ऑक्टोबर

ती. आईस, सा. न.

हो. तोच.

नारासाकीचं नवं मांडून कळ दाबली आणि सगळी यादी पुन्हा लागली. एक क्षणसुद्धा लागला नाही. नारासाकी एकसष्टावा आला. पासष्टावा होता तो कोइझुका सहासष्टावा झाला. बाकी कोणीच रेघ ओलांडली नाही. मागच्या नववर्षाला मी आले होते तेव्हा स्टेशनपासून माझी पेटी उचलून आणणारा तोच ना? पेटीत विटा आहेत का पुस्तकं, असं विचारणारा?

जुनी यादी परत ठेवता आली असती, कोणी पाहत नव्हतं. पण जुनी यादी खोटी होती हे मला माहीत झालं होतं. मग मी इसोगाईसाहेबांकडे गेले आणि म्हटलं, एकच नाव वाढवा, सहासष्ट करा. त्यांनी कंपनीचा कागद पुढे केला. म्हणाले, तू मागतेस तो पगार लहानच आहे. पण या दारातून येणारा प्रत्येक जण एकच लहान पगार मागतो. ते वाईट माणूस नाहीत. त्यांनी मला चहा दिला.

कॅचरचं मी काय मोजते? बॅट किती चालली, दुसऱ्या बेसवर चेंडू किती वेगात गेला. कोइझुकाचे दोन्ही आकडे लहान आहेत. गणितात मला अजूनही चूक सापडत नाही, आई, आणि तेच सहन होत नाही. कोळ्याच्या मुलाला न्याय मिळावा म्हणून मी हे काम घेतलं होतं. मिळाला. त्याची किंमत दुसऱ्या कोणी दिली, आणि कोणी ते मला आधी माहीत होतं.

राजीनामा लिहून ठेवला आहे. तू सांगशील तसं करेन. माझ्यावरचा लोभ कमी झाला असेल तर तेही लिही.

मिझुहो


हिमी,
९ नोव्हेंबर

चि. मिझुहोस,
अनेक आशीर्वाद, आणि ते उशिरा धाडते म्हणून वाईट वाटून घेऊ नकोस. महिनाभर पत्राला हात लागेना. तुझ्यावरचा राग म्हणशील तर तो चारच दिवस टिकला.

इथे किनाऱ्यावर गडगडायला लागलंय, म्हणजे बुरी मासा येणार. तुमच्याकडे बर्फाच्या भाराने फांद्या मोडू नयेत म्हणून झाडांना दोऱ्या बांधल्या असतील. लोकरीचे मोजे वेगळे पाठवते आहे.

कोइझुका परवा गेला. दोन क्लबांत चाचणी देऊन आला, दोघांनीही नाही म्हटलं. आता तोत्तोरीला काकाच्या लाकडाच्या वखारीत काम करणार. दारातली आपल्या नावाची लाकडी पट्टी काढली, खिशात घातली आणि शेवटचं म्हणून वाडगे पुसायला आला. मी म्हटलं, आज राहू दे. तर म्हणे, मावशी, मला काढलंय, फडक्याला नाही.

मग त्याने विचारलं, ते माशाचं तुमच्या लेकीने वाचलं होतं ना? मी म्हटलं, चारदा. तो हसला, पण हसणं वेगळं होतं. म्हटलं, कोइझुका, तू ते मुद्दाम लिहायला लावलंस?

मग सांगितलं त्याने. जुलैत एक दिवस नारासाकीचा चेंडू ग्लव्हमध्ये आला आणि त्याचा आवाज बदललेला होता. त्याने नारासाकीला पकडलं, नारासाकीने शपथ घातली, कोणत्याही प्रशिक्षकाला सांगायचं नाही. तो म्हणाला, प्रशिक्षकाला नाही सांगितलं. ऑफिसात आकडे मांडते त्या मावशींच्या लेकीला माशाचं कळवायचं नाही, असं काही ठरलं नव्हतं.

मी त्याच्यावर ओरडले. म्हटलं, मूर्खा, जागा मोजक्या आहेत, एक वर चढला की एक खाली येतो, हे तुला ठाऊक नव्हतं? आणि तू कुठे उभा आहेस ते? तो फडकं पिळत म्हणाला, मावशी, मैदानात मी चेंडू झेलायला बसतो तेव्हा बाकीचे आठ जण माझ्याकडे तोंड करून उभे असतात. सगळ्यांना बघणारा मी एकटाच. मला ठाऊक नसेल तर कुणाला असेल?

जाताना म्हणाला, तुमच्या लेकीला सांगा, तिने बरोबर मांडलं. त्याचा निरोप आहे म्हणून लिहिते. तो गिळायला तुला किती दिवस लागतील ते मला माहीत नाही. मला अजून गिळता आलेला नाही.

राजीनामा फाडून टाक. तू निघालीस तर त्या खुर्चीवर दुसरा कोणी बसेल आणि त्याची आई इथे स्वयंपाक करत नसेल. पण पुढच्या ऑगस्टात आठ दिवस रजा काढून इथे जेवायला ये. एकतीस जणांत बस, कोण काय खातो, कोण काय टाकतो ते बघ, आणि मग तुझा कागद कर. एवढं ऐक माझं.

आज बांगडा होता. नारासाकीचा हात अजून गळ्यात बांधलेला आहे. मी वाढून वळले, तर त्याने सवयीने थाळी शेजारी सरकवली. शेजारी कोणी नव्हतं. थोडा वेळ ती तिथेच राहिली. मग त्याने उजव्या हाताने ती परत ओढली आणि एकेक काटा काढत बसला. सगळे जेवून उठले तरी तो बसलेला होता. मी दिवा चालूच ठेवला.

लोभ आहेच, तो विचारायचा नसतो.

तुझी,
आई