देठ नसलेलं औषध

प्रिय अप्पा,

तुम्हाला जाऊन तीन वर्षं झाली. इतके दिवस लिहिलं नाही, कारण लिहायचं तर आधी एक खोटं कबूल करावं लागलं असतं. गेल्या आठवड्यात प्रयोगशाळेत एक गोष्ट घडली आणि ते सोपं झालं.

स्पंज ही वनस्पती नाही, अप्पा. तो प्राणी आहे.

लातूर जिल्हा झाला त्या वर्षी मला किनाऱ्यावर नोकरी लागली. तुम्ही काष्ठौषधीच्या दुकानाच्या पाटीवरचं उस्मानाबाद रंगाऱ्याकडून पुसून घेत होतात. मी सांगितलं, समुद्रातल्या स्पंजात जंतू मारणारं औषध सापडतं, ते शोधायचं काम आहे. तुम्ही एवढंच विचारलंत, "त्याला जीव हाय का?"

आपल्या घरात कधी अंडंसुद्धा आलं नव्हतं. मी म्हणाले, "झाडासारखंच असतं, अप्पा. जागचं हलत न्हाई."

तुम्ही मान डोलावलीत आणि 'लातूर' जरा मोठं काढ म्हणून रंगाऱ्याला सांगितलंत. शेजारचे शिंपी रहीमचाचा हसत होते. अप्पा जमिनीवरचा पाला विकतात, आता बेटी पाण्यातला विकणार, असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत बसले. मी तिथेच खरं बोलायला हवं होतं. का नाही बोलले?

माहूरच्या डोंगरातून मुळ्या आणणाऱ्यांना तुम्ही दोन प्रश्न विचारायचात. आदल्या सांजेला झाडाला सांगून आलास का? बूड ठेवलंस का? झाड मुळासकट उपटून आणलेल्याचा माल तुम्ही परत पाठवायचात. एकदा एकाने सगळं खरं सांगितलं, म्हणून त्याला चहा पाजलात, पण माल घेतला नाहीतच.

मी स्पंज कापायची तेव्हा खडकाला चिकटलेलं बूड ठेवायची. तिथून तो पुन्हा वाढतो. आदल्या संध्याकाळी बोटीच्या कडेला उभी राहून पाण्याला सांगायचीही. सोबतच्यांना वाटायचं, मला मळमळतंय.

पण घमेलंभर स्पंज वाळवून चिमूटभर औषध निघायचं. माणसांना पुरेल इतकं हवं असतं तर समुद्राचा तळ खरवडावा लागला असता. ते तुम्हाला कोणत्या तोंडाने सांगणार होते?

एका दिवाळीला वाळलेला तुकडा तुम्हाला दाखवायला आणला. आठवतं? तुम्ही तो उलटासुलटा केलात, हुंगलात. "देठ कुठाय ह्याला?" मी म्हणाले, नसतो. तुम्ही तो कागदात बांधून माझ्या हातात दिलात आणि गिऱ्हाइकाकडे वळलात. मला वाटलं, सुटले.

पुढे कळलं की औषध स्पंज बनवतच नाही. त्याच्या अंगात राहणारे जीवाणू बनवतात. ते चंबूत वाढवता आले तर स्पंजाला हात लावायची गरज नव्हती. पण ते वाढेनात. चार वर्षं मी त्यांना साखर घातली, मांसाचा अर्क घातला. हो, तोही! काही उगवलं नाही.

मग मला दुष्काळातली खडी फोडायची जागा आठवली. तुम्ही तिथे रांधायला जायचात आणि मला बरोबर न्यायचात. एक बाई कुठून तरी चालत आली होती. कुणी तिला भाकरी दिली, ती तुम्ही तिच्या हातातून काढून घेतलीत आणि आंबिलीची वाटी दिलीत. मी रडायला लागले. तुम्ही म्हणालात, "उपाशी पोटाला आधी पातळ. अन् घाई न्हाई करायची."

समुद्रातही उपासच असतो, अप्पा. मी खाद्य इतकं पातळ केलं की ते जवळजवळ नुसतं समुद्राचं पाणी राहिलं. सहा आठवडे थांबले. सुईच्या टोकाएवढे ठिपके आले. गेल्या आठवड्यात त्यांचा अर्क रोगजंतूंच्या ताटलीत ठेवला. दुसऱ्या दिवशी त्याच्याभोवती स्वच्छ गोल होता, तिथले जंतू मेले होते. तपासलं तर औषध तेच! आता स्पंज जिथे आहे तिथे राहू दे.

काल हे सगळं सांगायला तुमच्या समाधीवर आले. वाटेत रहीमचाचांपाशी थांबले. आधी त्यांना खरं सांगितलं. त्यांनी दातांनी दोरा तोडला.

"अप्पाकू मालूम था, बेटी."

त्या दिवाळीला मी निघाल्यावर तुम्ही त्यांच्याकडे गेला होतात. सुकलं तरी झाडाला झाडाचा वास राहतो, ह्याला तो नाही, असं म्हणाला होतात. चाचांनी विचारलं, मग पोरीला विचारत का नाही? तेव्हा तुम्ही म्हणालात, "न्हाई विचारायचं. लाजंल, अन् काम सोडंल."

अप्पा, एकदा विचारायचंत ना. मी लाजले असते हे खरं. काम सोडलं असतं, हेही खरं. मुळासकट उपटणाऱ्याचा माल परत पाठवणारे तुम्ही, माझं खोटं तेवढं ठेवून घेतलंत.

समाधीपाशी बसून जीवाणूंचं तेवढं सांगितलं. लपवायचं काही उरलं नव्हतं, म्हणून बरं वाटत होतं.

हे औषध बाटलीत यायला अजून बरीच वर्षं आहेत. येईलच असंही नाही. पण एवढा शब्द देते, यापुढे पाण्यात उतरताना चाकू नेणार नाही. आणि कुणी विचारलं, त्याला जीव आहे का, तर पहिल्यांदाच विचारल्यावर हो म्हणेन.

पकडली गेल्यामुळे हलकी झालेली,
तुमची शैला